पहिल्या घराचं कर्ज : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्याच्या टपालात घरकर्जाचेच प्रश्न जास्त आहेत. बहुतेक पत्रांत एकच घोळ दिसतो. बँक दोन गोष्टी तपासते, कर्ज मागणारा माणूस आणि तारण येणारं घर. लोक पगारपत्रकं, फॉर्म १६, बँकेचं स्टेटमेंट सगळं नीट लावून नेतात आणि घराचे कागद मात्र विसार दिल्यावर बघतात. आणि या दोन्हींच्या आधी स्वतःजवळचे पैसे मोजायचे असतात, ते तर कुणीच नीट मोजत नाही. म्हणून पहिलं उत्तर जरा लांबलं आहे.

प्रश्न : आम्हा नवरा-बायकोचा हातात येणारा पगार मिळून ९५ हजार. साठवलेले ९ लाख आहेत. मोशीला बांधकाम चालू असलेल्या स्कीममध्ये टू बीएचके बघितला, ‘सगळं धरून ६० लाख’ म्हणतात. कर्ज करून देणारा एजंट म्हणतो, बँक ९० टक्के देते, तुमचं काम होईल. होईल का? (वाचक, भोसरी)

नाही होणार. ९० टक्क्यांचा नियम खरा आहे, पण तो या घराला लागू नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावरच्या कर्जाला ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते. किंमत म्हणजे करारनाम्यातली किंवा बँकेच्या व्हॅल्युअरने काढलेली, यातली जी कमी असेल ती. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी त्यात धरत नाहीत. फक्त १० लाखांपर्यंतच्या घरांना त्यात सूट आहे.

आता ‘सगळं धरून ६० लाख’ फोडून बघा. बिल्डरकडून कॉस्ट शीट मागितलीत तर ती साधारण अशी निघेल : करारनाम्याची किंमत ५२ लाख, त्यावर ७ टक्के मुद्रांक शुल्क ३ लाख ६४ हजार, ५ टक्के जीएसटी २ लाख ६० हजार, नोंदणी फी ३० हजार (१ टक्का, पण कमाल ३० हजार), आणि उरलेले १ लाख ४६ हजार मेंटेनन्सची आगाऊ रक्कम, वीजमीटर, वकील वगैरे. कर्ज ५२ लाखांच्या ८० टक्के, म्हणजे ४१ लाख ६० हजार. राहिलेले १८ लाख ४० हजार तुमच्या खिशातून. तुमच्याकडे आहेत ९. (काही बँका जीएसटी घराच्या किमतीत धरतात, काही धरत नाहीत. हे मंजुरीआधी विचारून घ्या. धरला तरी तुमच्या बाबतीत फरक दोन लाखांचाच पडतो.)

हप्ता ही तुमची अडचण नाही. ८.५ टक्के दर आणि २० वर्षं मुदत धरली तर लाखाला सुमारे ८६८ रुपये पडतात, म्हणजे ४१.६ लाखांना ३६,१०० च्या आसपास. ९५ हजारांत बँक तेवढा मान्य करेल. अडलंय ते स्वतःच्या भरण्यात, ज्याची पावती बँकवाले ‘ओसीआर’ म्हणून मागतात. बहुतेक बँका तुमचा वाटा बिल्डरकडे जमा झाल्याची पावती बघितल्याशिवाय पहिला चेक सोडत नाहीत.

इथे दोन सल्ले हमखास मिळतात. ‘नऊ लाखांचं पर्सनल लोन काढा’, किंवा ‘करारनामा वाढवून दाखवू’. पहिल्यात पाच वर्षांचा जबर हप्ता डोक्यावर बसतो, तो सिबिलवर (कर्जफेडीच्या अहवालात) दिसतो आणि घरकर्जाची पात्रताच खाली येते. दुसऱ्यात फुगवलेल्या रकमेवर शुल्क आणि जीएसटी तुम्हीच भरता, व्हॅल्युअर खरा आकडा लिहून मोकळा होतो, आणि बँकेला खोटी किंमत दाखवल्याचा कागद कायमचा तुमच्या सहीनिशी राहतो. दोन्हींना नाही म्हणा.

नऊ लाखांत काय बसतं ते सांगतो. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) मिळालेलं किंवा जुनं घर घेतलं तर जीएसटी नाही. ३५ लाखांच्या घराला जास्तीत जास्त ३० लाख कर्ज मिळेल. तुमचे ५ लाख, मुद्रांक शुल्क २ लाख ४५ हजार आणि नोंदणी ३० हजार, एकूण ७ लाख ७५ हजार. उरलेल्या सव्वा लाखात सोसायटीची हस्तांतर फी (महापालिका हद्दीत कमाल २५ हजार), दलाली आणि रंगरंगोटी. ओढाताण होईल, पण बसतं. इथे एक गंमत लक्षात ठेवा. ३३ लाख ३३ हजारांपासून साडेसदतीस लाखांपर्यंत घर कितीही महाग झालं तरी कर्ज ३० लाखांवरच अडकतं, कारण ३० लाखांच्या वर गेलं की ८० टक्क्यांचा नियम लागतो. या पट्ट्यात किंमत एक लाखाने वाढली की तो पूर्ण लाख तुमच्या खिशातून जातो.

टू बीएचकेच हवा असेल तर दोन वर्षं थांबा. आताचं भाडं आणि उद्याचा ३६ हजारांचा हप्ता यांतला फरक दरमहा आवर्ती ठेवीत टाका. पैसे साठतील, आणि तो हप्ता तुम्हाला खरंच झेपतो का हे कर्ज न काढताच कळेल.

मुदत ३० वर्षं करायचा मोह टाळा. वरच्याच कर्जाचा हप्ता सुमारे ३२ हजारांवर येतो, महिन्याला चार हजार वाचतात, आणि शेवटपर्यंत भरलं तर २८ लाखांहून जास्त व्याज वाढतं.

प्रश्न : घर फक्त बायकोच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्क कमी लागतं म्हणतात. मग माझा पगार कर्जासाठी धरतील का? (वाचक, ठाणे)

धरतील. महाराष्ट्रात निवासी घराचे सगळे खरेदीदार महिला असतील तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. करारात पतीचं नाव खरेदीदार म्हणून आलं की ती गेली. कर्जाचं गणित वेगळं असतं. घराच्या प्रत्येक मालकाला कर्जदार व्हावं लागतं, पण प्रत्येक कर्जदार मालक असलाच पाहिजे असं नाही. तुम्ही सहकर्जदार म्हणून सही करा, पगार मोजला जाईल.

पण मालक नसलेल्याला हप्ता भरूनही प्राप्तिकरात वजावट मिळत नाही. तुम्ही नव्या करप्रणालीत असाल तर राहत्या घराच्या व्याजाची वजावट तशीही नाही, त्यामुळे काही बिघडत नाही. जुन्या प्रणालीत व्याजाचे २ लाख आणि मुद्दलाचे दीड लाखाच्या मर्यादेतले सोडायचे का, याचा हिशेब करून ठरवा. दर वर्षीची वजावट आणि एकदाच वाचणारा एक टक्का शेजारी शेजारी मांडा.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी क्रेडिट कार्डाची थकबाकी तडजोडीने मिटवली. आता पगार चांगला आहे, पण दोन बँकांनी कर्ज नाकारलं. तिसऱ्या-चौथ्या बँकेत प्रयत्न करू का? (वाचक, नाशिक)

आधी थांबा. प्रत्येक अर्जाची चौकशी तुमच्या क्रेडिट अहवालात नोंदली जाते, आणि महिन्याभरात चार-पाच चौकशा दिसल्या की पुढचा अधिकारी ‘सगळीकडून नकार आलेला दिसतो’ असाच अर्थ काढतो.

तुमच्या अहवालात त्या कार्डापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा असणार. त्याचा अर्थ, बँकेने काही रक्कम सोडून दिली. घरकर्ज देणाऱ्याला हा शब्द थकबाकीइतकाच खुपतो. स्कोअर साडेसातशेच्या वर असला तरी काही बँका केवळ या शेऱ्यावर फाईल परत करतात. उपाय एकच. कार्ड देणाऱ्या बँकेकडून सोडलेली रक्कम लेखी मागवा, ती भरा, ना-देय प्रमाणपत्र घ्या आणि शेरा ‘क्लोज्ड’ करायला लेखी सांगा. माहिती आता महिन्यातून एकापेक्षा जास्त वेळा क्रेडिट संस्थांकडे जाते, तरी महिना-दीड महिना धरून चाला. मग सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांचे अहवाल काढा. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. नोंद अजून जुनीच असेल तर संस्थेच्या साइटवर तक्रार टाका. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे.

अहवालात आणखी एक रकाना बघा. मित्राच्या किंवा भावाच्या कर्जाला जामीन राहिला असाल तर ते कर्ज तुमच्याही अहवालात दिसतं. त्याने हप्ते चुकवले की डाग तुम्हालाही लागतो.

प्रश्न : डोंबिवलीत १९९८ सालच्या इमारतीत फ्लॅट घेतोय. बँकेचं सँक्शन लेटर हातात आहे म्हणून २ लाख विसार दिला. आता बँकेचा वकील म्हणतो, पहिल्या खरेदीचा मूळ करार नाही, कर्ज मिळणार नाही. सँक्शन दिल्यावर असं करता येतं का? (वाचक, कल्याण)

येतं. बहुतेक सँक्शन लेटरमध्ये खाली बारीक अक्षरात ‘कायदेशीर आणि तांत्रिक तपासणीच्या अधीन’ असं लिहिलेलं असतं. त्या पत्राचा अर्थ एवढाच की तुम्ही पास झालात. घराची परीक्षा अजून व्हायची होती.

जुन्या घराला बँक ‘चेन’ मागते. बिल्डरने पहिल्या मालकाला विकलं तेव्हापासून आजच्या विक्रेत्यापर्यंत प्रत्येक नोंदणीकृत करार, त्याची नोंदणीची पावती आणि इंडेक्स टू (नोंदणी खात्याकडचा कराराचा सारांश). मधली एक कडी नसेल तर चेन तुटली. याशिवाय सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट विक्रेत्याच्याच नावावर हवं (मागच्या मालकाचंच नाव राहून गेलेलं असतं), सोसायटीचं ना-हरकत पत्र, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता कराची पावती आणि साधारण ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोजे तपासल्याचा वकिलाचा अहवाल). इमारतीचं वय पण आडवं येतं. व्हॅल्युअर शिल्लक आयुष्य लिहितो आणि मुदत त्याच्या आत बसवतात, त्यामुळे २० ऐवजी १२ वर्षं मिळाली तर हप्ता कुठल्या कुठे जातो.

तुमच्या बाबतीत आधी हे ठरवा की करार हरवलाय की झालाच नव्हता. नोंदणी खात्याच्या साइटवर ई-सर्चमध्ये गाव, वर्ष आणि मिळकतीचा क्रमांक टाकून जुनी इंडेक्स टू शोधता येते. सापडली, म्हणजे करार नोंदलेला आहे. मग विक्रेत्याने दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत काढायची, पोलिसांत कागद गहाळ झाल्याची तक्रार नोंदवायची, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची आणि प्रतिज्ञापत्र करायचं. एवढ्यावर अनेक बँका तयार होतात, सगळ्या नाही, म्हणून तुमच्या बँकेच्या वकिलाकडून आधीच लेखी होकार घ्या. मूळ करार आधीच्या एखाद्या बँकेकडे तारण पडून तर नाही ना, हेही तपासायला सांगा. करार नोंदलेलाच नसेल तर विसार परत मागा.

इतरांसाठी : विसारपावतीत हे एक वाक्य घाला, ‘मालमत्तेच्या कागदपत्रांतील त्रुटीमुळे कर्ज नामंजूर झाल्यास विसाराची संपूर्ण रक्कम १५ दिवसांत परत केली जाईल.’ विक्रेता याला तयार नसेल तर कागदात काही आहे, असं समजायला हरकत नाही. आणि विसार चेकने किंवा ऑनलाइनच द्या. जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, आणि रोख दिलेल्याची ओसीआर निघत नाही.

प्रश्न : बिल्डर म्हणतो, २० टक्के भरा मग करार करू. कर्जाचे हप्ते कधी सुरू होतात? (वाचक, पनवेल)

नोंदणीकृत करारनाम्याशिवाय १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हा रेराचा (स्थावर मालमत्ता कायद्याचा) नियम आहे. तेवढं सांगा आणि महारेराच्या साइटवर प्रकल्पाचा क्रमांक टाकून ताबा द्यायची तारीख, मंजूर मजले आणि प्रकल्पावर असलेलं कर्ज बघून घ्या.

बँक पैसे टप्प्याने सोडते. महाराष्ट्राच्या नमुना करारनाम्यात मर्यादा ठरलेल्या आहेत : करारानंतर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोतं झालं की ४५, सगळे स्लॅब झाले की ७०, भिंती-आतलं प्लास्टर-फरशी-दारंखिडक्या झाल्या की ७५, मग ८०, ८५, लिफ्ट-पंप-वीजजोडणी झाली की ९५, आणि शेवटचे ५ टक्के भोगवटा प्रमाणपत्रानंतर ताबा देताना. तुमच्या करारात पाचवा स्लॅब पडतानाच ८५ टक्के मागितले असतील तर सही करण्याआधी बोला. बिल्डरचं डिमांड लेटर (पुढच्या रकमेची मागणी) आलं की साइटवर जाऊन स्लॅब स्वतः मोजा. बँकेचा माणूस येतोच असं नाही.

जेवढे पैसे सुटले तेवढ्यावर फक्त व्याज भरायचं, याला प्री-ईएमआय म्हणतात. २० लाख सुटले असतील तर साडेआठ टक्क्यांनी महिन्याला सुमारे १४,१७०. यात मुद्दल एक रुपयाही फिटत नाही, आणि ताबा लांबला की हे व्याज आणि घरभाडं दोन्ही चालू राहतं. झेपत असेल तर पहिल्या चेकपासून पूर्ण हप्ता मागून घ्या.

घराची किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर प्रत्येक रकमेतून १ टक्का टीडीएस कापून प्राप्तिकराच्या पोर्टलवर भरायचा असतो. पैसे बँकेने दिले तरी जबाबदारी तुमचीच. मुदत, ज्या महिन्यात कापला त्या महिन्याअखेरीपासून ३० दिवस. चुकली तर दिवसाला २०० रुपये विलंब शुल्क आणि वर व्याज.

प्रश्न : एजंट ५ हजार घेऊन पंतप्रधान आवासची २ लाख ६७ हजारांची सबसिडी मिळवून देतो म्हणतोय. वार्षिक उत्पन्न ७ लाख. (वाचक, नागपूर)

देऊ नका. २ लाख ६७ हजारांची सबसिडी जुन्या योजनेतली, ती बंद झाली. आता पंतप्रधान आवास योजना शहरी २.० आहे, १ सप्टेंबर २०२४ पासून. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, चटई क्षेत्र १२० चौरस मीटरपर्यंत, आणि कुटुंबात कुणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नको. गावच्या वडिलोपार्जित पक्क्या घरावर तुमचं किंवा पत्नीचं नाव लागलेलं असेल तर तिथेच अडेल, हे आधी बघा. पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के, १२ वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार. तेही एकदम नाही, पाच वार्षिक हप्त्यांत, आणि कर्ज चालू असून निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी असेल तरच. पाच वर्षांच्या आत कर्ज झपाट्याने फेडलंत तर उरलेले हप्ते जातील. अर्ज योजनेच्या सरकारी पोर्टलवर स्वतः करता येतो.

प्रश्न : आजोबांच्या नावच्या जमिनीवर घर बांधायचं आहे. सातबारा आहे. बँक कर्ज देईल का? (वाचक, कराड)

आजोबांच्या नावाच्या सातबाऱ्यावर नाही देणार. आधी वारसनोंद, मग वाटप किंवा इतर वारसांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र. आत्या-काकांची नावं तशीच ठेवली तर त्या सगळ्यांना कर्जाच्या कागदांवर आणावं लागतं आणि कुणीतरी एक अडून बसतो. नंतर जमिनीचा बिनशेती वापर, सक्षम अधिकाऱ्याने मंजूर केलेला नकाशा आणि इंजिनिअरचं अंदाजपत्रक. जागा गावठाणातली असेल तर सातबारा नसतोच. स्वामित्व योजनेत किंवा सिटी सर्व्हेत मिळकतपत्रिका झाली असेल तर ती लागते. नुसत्या ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर राष्ट्रीयीकृत बँका सहसा हात लावत नाहीत, कारण तो कराचा उतारा आहे, मालकीचा नाही.

प्रश्न : कर्जाबरोबर १ लाख ४० हजारांचा विमा घ्यावाच लागेल असं बँकेत सांगितलं. रक्कम कर्जातच टाकणार आहेत. (वाचक, सोलापूर)

तोच विमा घेण्याची सक्ती करता येत नाही. कर्जात टाकले की त्या १ लाख ४० हजारांवरही २० वर्षं व्याज चालतं, साडेआठ टक्क्यांनी एकूण सुमारे २ लाख ९१ हजार जातात. विमा हवाच, कारण कमावता माणूस गेला तर हप्ता थांबत नाही. त्यासाठी कर्जाएवढ्या रकमेचा साधा टर्म प्लॅन बाहेरून घ्या आणि नकार लेखी द्या. ‘मग दर पाव टक्का वाढेल’ असं उत्तर आलं तर दोन्ही प्रस्ताव कागदावर मागा. बहुतेक वेळा कागदावर द्यायची वेळ आली की आग्रह मावळतो.

प्रश्न : कर्ज मिळालं, ताबाही मिळाला. आता काही राहिलंय का? (वाचिका, सांगली)

दोन कागद. मूळ करार बँकेत जमा करून घर गहाण ठेवलं की ३० दिवसांच्या आत दुय्यम निबंधकाकडे ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’ (घर गहाण ठेवल्याची सूचना) दाखल करावी लागते. बँक ती करते किंवा तुमच्याकडून करून घेते. तिची पावती तुमच्या फाईलला आहे का बघा. दुसरं, बँकेने कोणकोणते मूळ कागद ठेवून घेतले याची सही-शिक्क्याची यादी. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत ते कागद परत द्यावे लागतात, बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई आहे. पण ती मागताना काय दिलं होतं हे दाखवायला यादी लागेल, आणि वीस वर्षांनी ती शाखेत शोधत बसण्यापेक्षा आज मागून घेणं सोपं.